खिडकीचे डोहाळे

मला दिवस गेले ते मुंबईच्या विमानतळावर, सकाळी साडेसातच्या सुमाराला, रांगेत उभी असताना. आणि त्याचं एकमेव कारण म्हणजे मला विमानात उजव्या बाजूची खिडकी हवी होती.

आता हे जरा नीट सांगायला हवं. नाहीतर लोक भलतंच समजतात. (त्या दिवशी समजलेच!)

माझं माहेर चिंचणीचं. बोईसरला आगगाडीतून उतरायचं आणि तारापूरच्या दिशेनं जाणारी मोटार धरायची. समुद्राला लागून आमची वाडी, त्यात नारळ, चिकू आणि थोडी पानवेल. वडिलांना सगळं गाव भाऊ म्हणायचं म्हणून आम्हीही भाऊच म्हणायचो. या वाडीवरून रोज सकाळी एक विमान जायचं. मुंबईहून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर सरकायचं आणि आखात ओलांडून पलीकडे भावनगरला उतरायचं. विमानाचा आवाज आला की भाऊ पंप बंद करायचे आणि आई चहाचं आधण ठेवायची. ज्या दिवशी विमान यायचं नाही त्या दिवशी भाऊ दुपारपर्यंत अस्वस्थ असायचे आणि चहा दोनदा प्यायचे.

वैशाखात माझं लग्न झालं आणि मी त्याच भावनगरला जाऊन पडले. नवरा तिथल्या एका कापडगिरणीत कामाला. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाई वाईट मुळीच नव्हत्या, पण त्या हसायच्या नाहीत. लग्नापासून दिवाळीपर्यंत मी त्यांचे दात पाहिले ते फक्त मिश्री लावताना. दिवाळसणाला भाऊ मला माहेरी घेऊन आले. चार दिवस म्हणून आलेली मी महिना होत आला तरी हलेना, तेव्हा यांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, 'मला रजा नाही. भाऊंनी वाडी सोडून पुन्हा इतक्या लांब येऊ नये. रेल्वेनं आखाताला वळसा घालून, दोनदा गाड्या बदलून एकटीनं येणं बरं नव्हे. म्हणून विमानाचं तिकीट पाठवत आहे.'

आईनं पत्र हातातून खाली ठेवलं. "एकटी? आकाशात?"

"गाडीपरीस बरं हाय," भाऊ म्हणाले. "गाडीत ही पोर भलत्याच स्टेशनात उतरून बसंल. इमानात मदी उतरायला जागाच नाय. हरवायची भीतीच नाय!"

एवढं बोलून ते झोपाळ्यावर बसले, तसेच उठले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"म्हंजे कुमुद, तू आपल्या डोक्यावरून जानार!"

झालं! त्या क्षणापासून भाऊंचा पाय जमिनीवर ठरेना. पंपाच्या खोलीचं सपाट छप्पर त्यांनी झाडून घेतलं. आईचं लाल लुगडं त्यावर पसरायचं, चारी कोपऱ्यांवर नारळ ठेवायचे आणि मधोमध आपण उभं राहायचं, असं ठरलं. मी वरून बघायचं.

"मी दिसलो पायजे," ते म्हणाले. "तुजी आई न् गाय नाय दिसली तरी चालंल."

मी हसले, पण आतून हलले. लग्नात पाठवणीच्या वेळी हेच भाऊ मांडवात सापडत नव्हते. ते वाडीत पाणी सोडायला निघून गेले होते. (त्या दिवशी पाणी सोडायचा वार नव्हता.) तेव्हा राहिलेला निरोप त्यांना आता लुगड्यावर उभं राहून द्यायचा होता. मला खिडकी मिळालीच पाहिजे होती!

पण कुठली? यावरून घरात उभी फूट पडली.

आमच्या पुढच्या खोलीत इंगळे नावाचे एक सर्वेअर भाड्यानं राहायचे. मूळचे अकोल्याकडचे. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, त्यावर ते होते. आमच्या घरात विमानात बसलेला हा एकुलता एक माणूस. एकदाच बसले होते, पण त्या एकदाबद्दल ते दोन वर्षं बोलत होते.

"हे पाहा जी भाऊ," त्यांनी जमिनीवर खडूनं किनारा काढला आणि वर होकायंत्र ठेवलं. "विमान जाते समुद्रावरून. तोंड उत्तरेला. म्हणजे गाव कुठं येईल? उजव्या हाताला."

"समुद्रावरून कुटं जातंय?" भाऊ उसळले. "माज्या डोक्यावरून जातंय! मान मोडते माजी रोज!"

"मान कोणत्या अंगाला मोडते?"

भाऊंनी आठवून बघितलं. आधी डावीकडे मान केली, मग उजवीकडे, मग पाठ फिरवून पुन्हा दोन्हीकडे. शेवटी म्हणाले, "आता दुखाया लागली."

पुढचे तीन दिवस दोघं रोज सकाळी छपरावर उभे. पहिल्या दिवशी विमान समुद्रावरून गेलं आणि इंगळे जिंकले. दुसऱ्या दिवशी वाडीच्या मागून गेलं, भाऊ जिंकले. तिसऱ्या दिवशी ढग होते, नुसता आवाज आला आणि दोघंही जिंकले. अखेर इंगळ्यांचं होकायंत्र हे सरकारी असल्यामुळे त्यांचं मत ग्राह्य धरलं गेलं. उजवी खिडकी! आईनं माझ्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला. (मी जेवताना कुठला हात वापरते हे तिला ठाऊक होतं, पण विमानात गेल्यावर पोरीला काही सुचणार नाही असं तिचं म्हणणं.)

मुंबईला मामाकडे एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी सकाळी मामानं मला विमानतळावर सोडलं. सोडताना त्यानं सहज सांगितलं, "जागांना नंबर नसतात हं. जो आधी चढेल त्यानं पाहिजे तिथं बसायचं."

हे त्यानं मला आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी पहाटेपासून दाराला टेकून बसले असते! मी धावत आत गेले, तर दारापाशी रांग लागलेली. मी पुढची माणसं मोजली. सोळा. खिडक्या किती असतील? निम्म्या डाव्या, त्यांतल्या काही पंखावर, हे सगळं इंगळ्यांनी सांगून ठेवलं होतं. मी पुन्हा मोजलं. या वेळी सतरा भरले. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागले. तिकडे भाऊ आता छपरावर चढले असतील. नारळ ठेवत असतील. ठेवणीतला निळा सदरा घातला असेल.

तेवढ्यात दारातल्या गणवेशवाल्या माणसानं पुकारलं, "पहले बुजुर्ग, बीमार और बच्चोंवाली औरतें!"

माझ्या पुढून एक जाड्याशा गुजराथी बाई, "घूंटणमां दुखावो छे" म्हणत, लंगडत पुढे सरकल्या. त्यांच्या मागे सूट घातलेले, वर्तमानपत्र घेतलेले त्यांचे यजमान. (यांच्या गुडघ्याला काय झालं होतं, ते कुणी विचारलं नाही.) ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. म्हातारी मी नाही. मूल नाही. राहता राहिलं आजारपण, पण आजाऱ्याला विमानातून उतरवून घरी पाठवलं तर?

मी रांग सोडून थेट त्या गणवेशवाल्यापुढे जाऊन उभी राहिले.

"आपको क्या है?" त्यानं विचारलं.

"मुझे," मी म्हणाले आणि मला दुसरं काही सुचेना, "मुझे दिन गए हैं।"

"कौन से दिन?"

"दिन! दिन गए हैं!"

"दिन गए? कहाँ गए?"

मागची माणसं वाकून बघायला लागली. माझे कान तापले. आता माघार घेतली तर खिडकीही गेली आणि अब्रूही गेली. मी पोटावर हात ठेवून नजरेनं खूण केली. त्याला वाटलं माझं पोट बिघडलंय. तो मला संडासाची वाट दाखवायला लागला!

तेवढ्यात पुढे गेलेल्या त्या गुजराथी बाई गर्रकन मागे वळल्या. त्यांना मराठी समजत असावं. आख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या कडाडल्या, "अरे भाई, छोकरीने सारा दिवस छे! बच्चा होनेवाला है! अक्कल नहीं है क्या?"

रांग दुभंगली. पुरुषांनी माना खाली घातल्या. एकानं माझी पिशवी उचलली, एकानं मला उन्हासाठी टोपी देऊ केली. बाईंनी माझा हात जो पकडला तो सोडेनात. "मी शांताबेन," त्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या. "तू घाबरू नको हां. माझ्याला चार झालेत." अशा रीतीनं विमानाच्या शिडीवर सर्वांत आधी पाय ठेवला तो मी. मागे वळून बघितलं तर बाकीची सगळी माणसं खाली उभी राहून, मी पडत तर नाही ना, हे बघत होती. सिनेमातल्या नट्यांचंही एवढं होत नसेल.

आत गेल्याबरोबर मी उजवीकडची पंख टळलेली सुरेख खिडकी हेरली आणि तिकडे झेपावले. शांताबेननी मला मागे खेचलं.

"ना, ना, ना! बारी पासे न बेसाय!"

"का?"

"खिडकीत चक्कर येते. खाली बघितला तर पोटातला बच्चा पण घाबरतो. तू इथं बस, बाजूला. उलटी आली तर पळायला बरा."

असं म्हणून त्या स्वतः माझ्या खिडकीत बसल्या!

 मी ज्या खिडकीसाठी बाळंतपणापर्यंत गेले, ती त्या बाळंतपणापायीच माझ्या हातातून गेली होती! बाकीच्या खिडक्यांवर एव्हाना माणसं चढली होती. पलीकडच्या बाजूला, बरोबर डावीकडच्या खिडकीत, शांताबेनचे शेठ बसले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडून ती खिडकी संपूर्ण झाकून टाकली. त्यांच्या शेजारच्या जागेवर त्यांचा कोट बसला. हवाईसुंदरी आली, तिला बातमी आधीच पोचली होती. तिनं मला उशी दिली, लिंबाच्या गोळ्या दिल्या आणि एक कागदी पिशवी दिली. एकेक करून आख्खं विमान माझ्याकडे मान वळवून पाहून घेत होतं.

दार बंद झालं. पंखे फिरायला लागले. विमान थरथरलं, तशी मीही. भीतीनं नव्हे! भाऊ डोळ्यांपुढे येत होते. ते रोज छपरावर चढताहेत आणि मी इथे त्यांच्या डोक्यावरून शांताबेनच्या कानातल्या कुड्या बघत जाणार!

विमान उडालं. किती वेळ होता माझ्याकडे? इंगळे म्हणाले होते, पंधरा-वीस मिनिटं. मी बसल्या जागी चुळबुळ करायला लागले. मान लांब केली, तर शांताबेनच्या खांद्यापलीकडे नुसतं निळं दिसलं. उजवीकडे झुकले, तर त्यांनी माझं डोकं मायेनं खांद्यावर टेकवून घेतलं.

"झोप लागते? झोप, झोप."

आणि तेव्हा मला ते सुचलं. आजही मला त्याबद्दल लाज वाटते आणि थोडा अभिमानही वाटतो.

"शांताबेन," मी क्षीण आवाजात म्हणाले, "मला डोहाळे लागलेत."

त्या ताठ बसल्या. "काय पायजे? आंबट? गोळी खा ना लिंबूची!"

"खाण्याचे नाहीत."

"मग कशाचे?"

"खिडकीचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई मला विमानातून खाली टाकते. पण त्यांचे डोळे भरून आले! "माझ्या मोठ्याच्या वेळी मला माटी खायची इच्छा व्हायची," त्या म्हणाल्या. "सासूने दिली नाही. मोठा अजून चिडका आहे." आणि उठून, गुडघा धरून, कण्हत त्यांनी मला खिडकी दिली. खिडकीला नाक लावताना मला शरमेनं घाम फुटला होता. पण मी नाक लावलं!

खाली वसईची खाडी मागे पडली होती. पुढे नदीचं एक रुंद मुख आलं, त्याच्या टोकाला होड्या होत्या. दातिवरे! मी ओरडणार होते. वैतरणा गेली. मग भात कापून झालेली शेतं, चौकोन चौकोन, आणि त्यांतून सरळ ओढलेली एक काळी रेघ. ते आगगाडीचे रूळ होते. सफाळे, पालघर... मी मनातल्या मनात एकेक स्टेशन घेत होते. मग एक स्टेशन आलं आणि मी काचेला आणखी चिकटले. बोईसर! बोईसर माझ्या खिडकीत होतं!

बोईसर असं अगदी खाली, म्हणजे विमान जमिनीवरून चाललेलं आणि समुद्र डावीकडे. म्हणजे चिंचणी डावीकडे. इंगळे! सरकारी होकायंत्र!

पुढचं मी केलं नाही, ते झालं. मी उठले. शांताबेनचे गुडघे ओलांडले (दुखऱ्यावर पाय पडला, त्यांनी किंकाळी फोडली), मधली वाट एका ढांगेत पार केली, शेठच्या कोटावर गुडघा टेकला आणि शेठच्या वर्तमानपत्रातून आरपार डोकं घालून खिडकी गाठली. पत्र फाटलं. शेठ "अरे! अरे!" म्हणत मागे रेलले. मी जवळजवळ त्यांच्या मांडीवरच होते. नवऱ्याच्याही मांडीवर तोवर मी कधी अशी बसले नव्हते.

"माझे वडील!" मी एवढंच म्हणाले. "खाली माझे वडील आहेत!"

आणि खाली आलं. बांधकामावरचे उंच यारीचे, म्हणजे क्रेनचे, हात आले, तारापूरचा किल्ला आला, मग हिरवीगार गर्दी आणि पांढऱ्या वाळूची कड. चिंचणी! मी लाल ठिपका शोधायला लागले. एक दिसला. त्याच्या शेजारी आणखी एक. मग पलीकडे तिसरा. मग सगळीकडेच!

भाऊंनी गावाला सांगितलं होतं. गप्प बसणं त्यांना शक्यच नव्हतं. आणि भाऊंची कुमुद वरून बघणार म्हटल्यावर आमच्या आळीतल्या प्रत्येक घरानं आपापलं लाल लुगडं काढून छपरावर, गवताच्या गंजीवर, विहिरीच्या काठावर पसरलं होतं. सारं गाव हळदीकुंकवाला बसल्यासारखं लाल झालं होतं. त्यांतलं आमचं कुठलं, काही समजेना. एका लालावर एक ठिपका हलतोय असं वाटलं, तो भाऊ असेल. किंवा कोंबडी असेल. मी शेठच्या काचेवर दोन्ही हात आपटून सगळ्या लालांना हात केला, एकालाही चुकवलं नाही, आणि मोठ्यानं रडायला लागले.

मग खाली नुसतं पाणी आलं. आणि त्या घुसळणीनं म्हणा, रडण्यानं म्हणा, लिंबाच्या सात गोळ्यांनी म्हणा, मला भडभडून आलं. हवाईसुंदरीनं दिलेली पिशवी माझ्या जागेवर होती. शेठचा कोट मात्र जवळ होता.

शेठ खिडकीला चिकटून बसले. शांताबेन माझ्या पाठीवरून हात फिरवत सगळ्यांना सांगत होत्या, "पहिलंच आहे ना. असंच होतं."

भावनगरला उतरले तेव्हा माझ्या एका काखेत हवाईसुंदरी होती आणि दुसऱ्या काखेत शांताबेन. समोर कुंपणापाशी हे उभे, इस्त्रीच्या शर्टात, शेजारी सासूबाई. मला असं धरून आणलेलं पाहून यांचा चेहरा पांढरा पडला. पण मग यांची नजर माझ्या मागे गेली आणि तो आणखी पांढरा झाला. हे घाईघाईनं हात जोडून पुढे आले. माझ्याकडे नव्हे, शेठकडे!

"नमस्ते साहेब!"

सूटवाले शेठ म्हणजे यांच्या गिरणीचे मोठे मॅनेजर होते. कोट त्यांनी बोटांच्या चिमटीत, लांब धरला होता.

"अरे यशवंत! ही तुझी बायको?" शांताबेन ओरडल्या. "मग उभा काय राहिला? पेंडा खवडाव! बाप होणार तू!"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. हे बोटं मोजायला लागले. आणि तेवढ्यात मी लग्नानंतर पहिल्यांदा ते दृश्य पाहिलं. सासूबाई हसल्या. सगळे दात दाखवून हसल्या, पुढे आल्या आणि सगळ्या विमानतळासमोर त्यांनी माझी दृष्ट काढली.

आता सांगा, यात मी तोंड कुठं उघडायचं होतं?

टांग्यात आम्हां दोघांच्या मध्ये सासूबाई बसल्या. घरी पोचलो तो कॉलनीला बातमी लागलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई देवळात गेल्या तेव्हा मी यांना स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. हे पाटावर बसले.

"म्हणजे काही नाही?"

"काही नाही."

"नुसती खिडकी?"

"हो."

"कुमुद," हे कपाळाला हात लावून म्हणाले, "साहेबांनी कालच मला रात्रपाळीतून काढून दिवसपाळी दिली आहे. घरी बायको अवघडलेली आहे म्हणून! आता त्यांना काय सांगू? की बायकोनं तुमच्या कोटावर... उगीचच?"

पुढचे चार दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. सासूबाई मला पाण्याची कळशी उचलू देईनात. भाकरी त्याच थापायच्या. मी उठले की "सावकाश", बसले की "सावकाश". माझं इतकं कौतुक आयुष्यात कुणी केलं नव्हतं. रात्री कूस बदलून बदलून अंथरुणाला सुरकुत्या पडायच्या. पाचव्या दिवशी दुपारी त्या दौत-टाक घेऊन बसल्या. चिंचणीला, भाऊंना पत्र लिहायला. 'आपणांस आनंदाची वार्ता कळविणेस...' एवढं लिहून झालं होतं.

मला भाऊ दिसले. पत्र घेऊन आळीतून पळणारे. आणि मग खरं समजल्यावर पंपाच्या खोलीत जाऊन बसणारे.

मी सासूबाईंच्या हातातला टाक धरला आणि उभ्या उभ्या सगळं बोलून गेले. छप्पर, लुगडं, इंगळे, रांग, डोहाळे, सगळं. बोलून संपलं तेव्हा त्यांच्या हाताला आणि माझ्या पदराला शाई लागली होती.

त्यांनी टाक बाजूला ठेवला. हसू तर केव्हाच मावळलं होतं. मला वाटलं, आता पिशवी भरायची आणि आखाताला वळसा घालून परत जायचं.

"नुसत्या खिडकीसाठी?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी दौतीचं झाकण लावलं.

"मग दिसले का वडील?"

"ठिपका दिसला. कोंबडीही असेल."

त्यांनी पत्र उचललं, घडी घातली आणि चुलीत टाकलं. "माझे वडील मला स्टेशनात पोचवायला आले नव्हते," त्या चुलीकडे बघत म्हणाल्या. पुढे काही बोलणार होत्या, तेवढ्यात दार वाजलं.

शांताबेन! गुडघा सांभाळत दोन जिने चढून आल्या होत्या, आणि एकट्या नव्हत्या. मागे चष्मा लावलेल्या, बॅग घेतलेल्या डॉक्टरीणबाई. "शहरातली सगळ्यात हुशार!" शांताबेन अभिमानानं म्हणाल्या. "मी बोलले, आमच्या गिरणीच्या मुलीला घरी येऊन तपासायचं!"

मी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता उघडं पडणार होतं. नोकरी, दिवसपाळी, अब्रू, सगळं त्या बॅगेतून बाहेर येणार होतं. मी सांगायला तोंड उघडलं तो शांताबेननी मला आतल्या खोलीत ढकललंसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. चार प्रश्न विचारले, त्यांतल्या तारखांच्या प्रश्नाला मी चाचरत उत्तर दिलं. (माझ्या तारखा नेहमीच मागेपुढे व्हायच्या आणि माहेरी गेल्यावर कॅलेंडर कोण बघतं!) मग पुन्हा तपासलं. चष्मा पुसला, हात धुतले आणि बाहेर येऊन त्या शांतपणे म्हणाल्या, "छान आहे. दोन महिने होऊन गेलेत. वर दहाएक दिवस."

 शांताबेनना त्यात नवीन काय ते कळेना. हे नेमके दिवसपाळी संपवून दारात आले आणि तिथेच थांबले.

सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं आणि हळूच, पण मला ऐकू येईल असं विचारलं, "बाई, नीट पाहिलंत ना? नाही, हिला खिडकी हवी होती, म्हणून विचारते."

पुढच्या पावसाळ्यात मुलगा झाला. आता चांगला मोठा आहे आणि अधूनमधून विचारतो, "आई, तू कधी खोटं बोललीयेस?" मी काय सांगू त्याला? उभ्या आयुष्यात इतक्या लोकांसमोर, इतक्या धिटाईनं एकच थाप मारली, आणि तीसुद्धा मला धड खोटी मारता आली नाही!